झुरळे कुठे गेली? : यंत्र, कसब आणि दलित कविता

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी नवोदितांच्या कवितास्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. आम्ही तिघे परीक्षक. सत्तरएक कविता आल्या होत्या. त्यांतल्या एका कवितेला मी पहिला क्रमांक दिला आणि इतर दोघांचे मत वेगळे असतानाही आग्रह धरून तो मान्य करून घेतला. कविता गटारात उतरणाऱ्या बापावर होती. तीत अंधार होता, अंधाराच्या गर्भात पेटणारा सूर्य होता, मशाल होती, पिढ्यान् पिढ्यांचे मौन होते आणि शेवटी उजाडत होते. भाषा स्वच्छ होती. लय कुठे अडखळत नव्हती. निकाल सांगताना मी 'दाहक जीवनानुभव' हे शब्द वापरले. ते मी गेली तीस वर्षे वापरीत आलो आहे.

कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा मला चहाच्या टपरीवर भेटला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. काही न लपवता म्हणाला, "सर, ती कविता मी मोबाईलवर चॅटजीपीटीकडून नीट करून घेतली." नीट म्हणजे किती, असे मी विचारले. त्याने मूळ मजकूर काढून दाखवला. दोन ओळी होत्या. झाकण काढल्यावर बाप आधी झुरळं बघतो. झुरळं हालली तर उतरतो. बस्स, एवढेच.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंबरचे झाकण उघडले की आत विषारी वायू आहे की नाही हे कळण्याचे साधन कंत्राटी कामगाराजवळ बहुधा नसते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईड. पण त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला असे नव्हे. मग माणूस भिंतीवरची झुरळे बघतो. ती पळत असली तर आत हवा आहे. मरून पडली असली तर थांबायचे, आणि मुकादम ओरडला तरी थांबायचे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात छापलेले नाही. ते बापाकडून लेकाकडे येते, आणि लेकाला ते यावे लागू नये म्हणून बाप त्याला शिकवतो.

त्या दोन ओळींच्या यंत्राने अठरा ओळी केल्या, आणि त्या अठरा ओळींत एकही झुरळ नव्हते. झुरळे यंत्राने काढली खरी, परंतु त्या कवितेला पहिला क्रमांक यंत्राने दिलेला नव्हता. तो मी दिला होता. तेव्हा या लेखाचा विषय यंत्र जितके आहे तितकाच मी आहे, असे वाचकांनी समजावे.

आमच्यातल्या एका परीक्षकाला, एका निवृत्त प्राध्यापकांना, ही हकीकत कळली तेव्हा ते संतापले. बक्षीस परत घ्या म्हणाले. प्रतिभा उसनी आणता येत नाही, शब्द साधनेतून यावा लागतो, आयत्या साधनावर कविता करणारा हा मुलगा अनधिकारी आहे, असा एकूण त्यांचा सूर होता. 'अनधिकारी' हा शब्द ऐकला मात्र, मी सावध झालो. हा शब्द आपल्या घराण्याच्या फार जुन्या ओळखीचा आहे. अक्षर हे साधन होते तेव्हाही आपण अनधिकारीच होतो. साधनेची भाषा बोलणाऱ्यांनी साधने मात्र नेहमी स्वतःच्या कुलुपात ठेवली. तेव्हा एखाद्या नव्या साधनाला आपल्या मुलाने हात लावला की 'विटाळ झाला' म्हणून ओरडण्याचे काम निदान आपण तरी करू नये.

आपली परंपरा याबाबतीत फारच वेगळी आहे. चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला तो 'ज्ञानोदया'त छापून आला. 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचे पत्र, मिशनऱ्यांचा छापखाना. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. छापखाना, विलायतेची पदवी, इंग्रजी भाषा, यांपैकी काहीही आपण 'परके' म्हणून टाकले नाही. ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याने साधनाची जात विचारायची नसते. त्यामुळे दलित लेखकाने हे यंत्र वापरावे काय, या प्रश्नाला 'वापरू नये' असे सरसकट उत्तर द्यायला मी तयार नाही.

पण छापखाना आणि हे यंत्र यांत एक फरक आहे, आणि सगळे प्रकरण त्या फरकापाशी येऊन अडते. 'ज्ञानोदया'च्या छापखान्याने मुक्ताचा निबंध छापला. त्याने तो लिहिला नाही. बाळंतपणाच्या वेळी आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले. छापखान्याने तिच्या छपराच्या जागी आकाश घातले नाही. खिळे जुळवणाऱ्याने चूक केली तर ती चूक दिसते. हे नवे यंत्र मजकुरातच हात घालते, आणि जिथे घालते तिथे खूण राहत नाही. उलट मजकूर अधिक गुळगुळीत दिसतो, आणि गुळगुळीत दिसतो म्हणून माझ्यासारखा परीक्षक त्याला गुण देतो.

हे असे का होते? यंत्राच्या अंतरंगाचा मी तज्ज्ञ नाही, पण त्याची मूळ रीत समजायला अवघड नाही. अफाट मजकूर त्याला वाचायला घातलेला असतो. त्यावरून एका शब्दामागून दुसरा कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे ते शिकते. 'बाप', 'गटार', 'अंधार' असे शब्द आले की पुढे 'सूर्य' येण्याचा संभव मोठा आणि 'झुरळ' येण्याचा संभव फार थोडा. वर त्याला शिकवणारी माणसे असतात. ती कोणते उत्तर बरे, कोणते वाईट, हे ठरवून देतात, आणि यंत्र त्या पसंतीकडे वळते. त्यात पुन्हा मराठीची स्थिती बघा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक आहेत. पण यंत्रांना वाचायला घालण्यासाठी इंटरनेटवरून जो मजकूर गोळा केला जातो त्यात मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही खाली आहे. त्या टक्क्याच्या तुकड्यात वर्तमानपत्री मराठी किती, सरकारी मराठी किती, आणि आमच्या वस्तीची मराठी किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

येथपर्यंत बोलणे सोपे आहे. यंत्र प्रस्थापितांचे, भाषा प्रस्थापितांची, म्हणून कविता बिघडली, असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण त्या रात्री घरी आल्यावर मी एक उद्योग केला. नातीच्या मोबाईलवर त्या यंत्राला दलित कवितेची वैशिष्ट्ये विचारली. त्याने सात मुद्दे दिले. नकार, विद्रोह, वेदना, सामूहिक जाणीव, अस्मिता, आंबेडकरी प्रेरणा, बोलीभाषेचा वापर. मी कपाट उघडून एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पंधरा वर्षांपूर्वी दिलेल्या टिपणांची वही काढली. सात मुद्दे. क्रमात काय तो थोडा फरक होता.

म्हणजे तो सूर्य यंत्राने कुठून आणला हे मला उमगले. तो आम्हीच दिलेला होता. सत्तरच्या दशकात आपल्या कवींनी सूर्याचे नाव घेतले तेव्हा त्यात धग होती, कारण ते नाव घेण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. पुढे संमेलनामागून संमेलने झाली, विशेषांक निघाले, अभ्यासक्रमात पेपर लागला. सूर्य, मशाल, ज्वालामुखी आणि निखारे यांचा साठा वाढत गेला आणि त्यातली धग कमी होत गेली. आम्ही समीक्षकांनी त्या साठ्याचीच मोजदाद केली. ज्या कवितेत निखारे अधिक ती अधिक विद्रोही! जिच्यात नुसती दोन झुरळे आहेत तिला आम्ही 'अनुभव चांगला, पण अभिव्यक्ती अपुरी' असा शेरा मारून परत पाठवली असती. मी अशा किती कविता परत पाठवल्या असतील? या प्रश्नाने मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. यंत्राने साचेबंद दलित कविता लिहिली याचा राग करण्यापूर्वी, साचा कुणी पाडून ठेवला होता ते बघितले पाहिजे.

१९७२ साली 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्या कवितेतले कितीतरी शब्द तेंडुलकरांना अनोळखी होते आणि त्यांचे अर्थ त्यांना कवीला विचारावे लागले. मराठीतला एवढा जाणता लेखक, आणि त्याला विचारावे लागले, ही त्या कवितेची ताकद होती. संभवनीय शब्दांच्या यादीत तिचा शब्द बसतच नव्हता. आज आमच्या किती कविता अशा आहेत की ज्यांतल्या एखाद्या शब्दाचा अर्थ मला कवीला विचारावा लागेल?

शब्दांच्या स्वच्छतेचीही गोष्ट सांगितली पाहिजे. एका होतकरू कथालेखकाने वस्तीतल्या भांडणाचा संवाद लिहिला होता, शिव्यांसकट. तो यंत्रात घालून बघू म्हणून मी घातला आणि सुधारायला सांगितला. शिव्या गेल्या. त्या जागी 'दोघींनी एकमेकींना अपशब्द वापरले' असे वाक्य आले. हसू आले खरे, पण हे यंत्र इतके सोवळे कसे झाले याची हकीकत हसण्यासारखी नाही. २०२३ च्या जानेवारीत 'टाइम' नियतकालिकाने छापले की, चॅटजीपीटीच्या तोंडून घाण बाहेर पडू नये म्हणून घाण कोणती हे त्याला शिकवण्याचे काम केनियातल्या कामगारांकडून करवून घेतले होते. बलात्कार, खून, लहान मुलांवरचे अत्याचार यांची वर्णने दिवसभर वाचायची आणि त्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. मजुरी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. कित्येकांना ती वर्णने घरी गेल्यावरही सोडीनात.

हे वाचताना दुसऱ्या कुणाला काय आठवले असेल ते मला माहीत नाही. मला डोक्यावरची पाटी आठवली. घर स्वच्छ राहावे म्हणून कुणीतरी मागच्या दाराने येऊन घाण उचलून न्यायची, आणि मग घरातल्यांनी आपण मूळचेच स्वच्छ आहोत असे मानायचे, ही व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. यंत्राच्या गोड, शालीन बोलण्यामागे तेच मागचे दार आहे. त्या मुलाच्या कवितेतला बाप आणि नैरोबीतला तो कामगार एकाच पाळीवर आहेत. यंत्राने त्या बापाची झुरळे पुसून टाकली, हा निव्वळ योगायोग म्हणायला माझे मन घेत नाही.

आणि यंत्र नुसते शब्दच स्वच्छ करते असेही नाही. माझ्या मावशीचे बोलणे मी मोबाईलवर घेतले. ती ऐंशीच्या पुढची आहे. ती बोलेल ते आपोआप टंकलिखित होत जावे अशी सोय आता मराठीत आहे, आणि ती सोय मला मोलाची वाटते, कारण मावशीला लिहिता येत नाही. ती म्हणाली, "आमी येसकरपाळीला भाकर मागाया जायाचो." पडद्यावर उमटले, 'आम्ही केसकर पाळीला भाकरी मागायला जायचो.' बोली गेली ती गेलीच, वर येसकराचा केसकर झाला. मी मावशीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "कुणाची गं बाई ही, आपल्यात कुनी केसकर न्हाई." मी ते हाताने दुरुस्त केले. पण मावशीचा शब्द ज्याला ठाऊक नाही असा कुणी पोरगा ते टंकन तपासायला बसला असता तर?

हा प्रकार गमतीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु २०२५ साली एका परदेशी नियतकालिकाने भारतातल्या एका तरुण दलित संशोधकाचा अनुभव छापला. त्याने अर्जाचे इंग्रजी सुधारण्यासाठी तो यंत्राला दिला. यंत्राने इंग्रजी सुधारले आणि जाता जाता त्याचे आडनावही बदलून उच्चवर्णीय केले. विद्वत्तेच्या अर्जाखाली कोणते आडनाव संभवनीय, याचा हिशेब त्याने केला असणार. बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. त्या काळी खोली मिळावी, नोकरी टिकावी म्हणून माणसाला जात चोरावी लागे, आणि चोरताना आपण काय करतो आहोत याची जळजळ त्याला असे. आता यंत्र न विचारता ती चोरून देते. जळजळीचीही सोय नाही.

आता कसबाचा प्रश्न. यंत्राविरुद्ध बोलणारे सगळे हल्ली कसबाची महती गातात. हाताची कला, साधना, वर्षानुवर्षांची मेहनत. ऐकायला बरे वाटते. पण आपण हे ऐकताना थोडे थांबले पाहिजे. कसब या गोष्टीशी आपले नाते सरळ नाही. चामडे कमावण्यात कसब होते, केरसुणी बांधण्यात होते, दोर वळण्यात होते, डफ-हलगी वाजवण्यात होते. त्या कसबाला कुणी कला म्हटले नाही. ते जातीचे काम होते. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. माणसाचे कसब त्याच्या जन्माआधीच ठरवून ठेवायचे आणि मग ते त्याच्या हातून सुटू द्यायचे नाही, हा त्या विभागणीचा अर्थ. चेंबरमध्ये झुरळे बघून उतरणे हेही कसब आहे. त्या कसबाचा गौरव मी कोणत्या तोंडाने करू? ते नष्ट व्हावे यासाठीच आपली लढाई आहे.

खरे म्हणजे यंत्र यायला हवे होते ते तिथे. हाताने मैला उचलण्याला आणि सुरक्षासाधनांशिवाय माणूस गटारात उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली तोच आकडा तीस लाख केला. आकडा वाढवावा लागला यावरून काय ते समजावे. केरळात २०१८ पासून चेंबर साफ करणारा यंत्रमानव कामाला लागला आहे; म्हणजे असे यंत्र होऊ शकत नाही असेही नाही. आणि इकडे त्या मुलाचा बाप परवापर्यंत कमरेला दोर बांधून उतरत होता. बापाच्या कामाला यंत्र आले नाही, लेकाच्या कवितेला मात्र फुकट आणि घरपोच आले. या अवस्थेत 'यंत्र हवे की माणूस' असा वाद घालणे मला लबाडीचे वाटते. कुठे यंत्र हवे आणि कुठे माणूस, हे कोण ठरवतो, असा तो वाद असला पाहिजे.

लिहिण्याचे कसब हे मात्र आपल्या वाट्याला जन्माने आलेले नाही. ते आपण मिळवलेले आहे, आणि म्हणून त्याची गोष्ट वेगळी. फलटणकडच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. मालाच्या पुड्या बांधायला आलेले रद्दी कागद त्यांनी वाचले, आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले. ते लेखन पुढे 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. उर्मिला पवारांच्या आत्मकथनाचे नावच 'आयदान' (२००३). आयदान म्हणजे बांबूची सुपे, टोपल्या. त्यांची आई ती विणून घर चालवी, आणि आईच्या त्या विणण्याशी त्यांनी आपल्या लिहिण्याचे नाते सांगितले आहे. मला हे नाते फार महत्त्वाचे वाटते. आईचा धंदा लेकीने पुढे चालवला नाही, पण आईच्या हातातले काहीतरी तिने घेतले. बांबूची कांब कुठे वाकेल आणि कुठे मोडेल हे बोटांना कळणे, तसे वाक्य कुठे वाकेल हे कळणे. हे कळणे एखाद्या यंत्राने उसने दिले तर चालेल का? सूप तयार मिळेल. बोटे तशीच राहतील. आणि पुढच्या वेळी जेव्हा सांगायची गोष्ट यंत्राच्या यादीत नसेल तेव्हा ही न शिकलेली बोटे काय करतील?

मी स्वतः ही यंत्रे वापरतो. जुन्या नियतकालिकांचे फाटके, पुसट अंक वाचून घ्यायला वापरतो. माझ्या डोळ्यांना आता ते झेपत नाही. तहसील कार्यालयाला, समाजकल्याण खात्याला जे अर्ज लिहावे लागतात ते यंत्राकडून लिहून घ्यायला मला काडीचाही संकोच वाटत नाही. त्या भाषेत माझे काही गुंतलेले नाही. ती जितकी खात्यासारखी होईल तितके बरे. वस्तीतली मुले ज्या अर्जासाठी पूर्वी कुणा लेखनिकाला पन्नास रुपये देत तो त्यांचा त्यांना करता येऊ लागला, ही लहान गोष्ट नाही. इंग्रजी भाषांतराचा पहिला खर्डाही मी त्याच्याकडून घेतो. पण 'बलुतं' म्हटल्यावर ते मजुरी असे काहीतरी लिहून जाते, आणि मजुरीत हक्क, भीक आणि अपमान या तिन्हींची जी एकत्र गाठ बलुत्यात आहे ती नसते. ती गाठ मला हाताने बांधावी लागते. थोडक्यात, जिथे मला दुसऱ्यासारखे बोलायचे आहे तिथे यंत्र चालते. जिथे मला साक्ष द्यायची आहे तिथे ते माझ्या पिंजऱ्यात येऊन उभे राहू शकत नाही, कारण त्याने काही पाहिलेले नाही. उलटतपासणीत ते पहिल्याच प्रश्नाला पडेल. झुरळे किती होती?

यावर कुणी म्हणेल की, ही शिस्त प्रत्येकाने आपली आपण पाळावी. तसे भागत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांच्या संघटनेने १४८ दिवस संप केला, त्यात हाही एक मुद्दा होता. करार झाला त्यात यंत्राच्या मजकुराला लेखकाचे स्थान मिळणार नाही, कंपनी लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करणार नाही, यंत्राचा मजकूर हाती दिला तर तसे सांगावे लागेल, अशी कलमे आली. लेखकाला स्वतःहून वापरायचे असेल तर कंपनीच्या संमतीने वापरता येते. म्हणजे तिथे तोल साधला तो संघटनेने, एकेकट्याच्या सद्गुणाने नव्हे. आमच्याकडे काय आहे? माझ्या ओळखीचा एक गीतकार जयंतीच्या दिवसांत गायनपार्ट्यांना गाणी लिहून देई. गाण्यामागे पाचशे रुपये मिळत. यंदा दोन पार्ट्यांनी त्याला बोलावले नाही. गाणी मोबाईलवर होतात म्हणाले. त्याच्या पाठीशी कसली संघटना आहे? आपण साहित्यसंमेलने भरवतो, ठराव करतो. या गीतकाराच्या पाचशे रुपयांचा ठराव अजून कुठल्या मांडवात झालेला मी ऐकला नाही.

बक्षिसाचे काय झाले ते सांगायचे राहिले. ते परत घ्यायला मी विरोध केला. यंत्राचा मजकूर आणू नये असा स्पर्धेचा नियम नव्हता, आणि मुलाने लपवलेही नव्हते. मी आयोजकांना लेखी कळवले की चूक परीक्षकाची आहे, माझे मानधन परत घ्यावे. त्यांनी घेतले नाही. पत्राला उत्तरही दिले नाही.

मुलाला मी एवढेच विचारले होते की, दोन ओळी चांगल्या होत्या तर त्या यंत्राकडे नेल्या कशाला. तो म्हणाला, "सर, शाळेत 'झुरळं' लिहिलं की बाई गोल करायच्या. 'झुरळे' लिहा म्हणायच्या. मला वाटलं, एवढ्याचं काय कोण छापणार." १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठवले तेव्हा जोतीरावांनी ते नाकारले, त्या सभेच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्या नकाराचा आशय होता. तो नकार द्यायला जोतीरावांजवळ जे बळ होते ते या मुलाजवळ कुठून यावे? त्याला शाळेने गोल केले, यंत्राने पुसले, आणि परीक्षकाने पुसलेल्याला बक्षीस दिले. (आणि हेही कबूल करतो की, या लेखाच्या शीर्षकात मीसुद्धा 'झुरळे' असेच लिहिले आहे. हात वळत नाही.)

दिवाळीनंतर तो घरी आला. सोबत नवी कविता होती, अकरा ओळींची. वहीत पेन्सिलीने लिहिलेली, बऱ्याच ठिकाणी खोडलेली. झुरळे परत आली होती. दोर होता, मुकादमाची मोटारसायकल होती, आणि वर आल्यावर बाप अंगावर पाणी घेतो तेव्हा बादली कोण ओततो, याच्या तीन ओळी होत्या. त्यांतला एक शब्द मला कळला नाही. मी विचारला. त्याने सांगितला. 

मग तोच म्हणाला, "सर, यातली एक ओळ मी यंत्राची ठेवलीय. मला आवडली म्हणून. ओळखा." मी कविता तीनदा वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले. ती फार घडवल्यासारखी, फार तोलून टाकल्यासारखी वाटत होती.

"नाही सर," तो म्हणाला, "ते आई बोलली होती."